पिल्लाचे 'पेपर' म्हणजे नेमकं काय? केनेल क्लबमध्ये नोंदणी कशी होते?

"पेपरवालं हवंय की बिनपेपरचं?"

कोल्हापूर, सांगली किंवा पुण्यात लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलरचं पिल्लू घ्यायला गेलात, तर हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो. दोन्ही पिल्लं दिसायला सारखीच असतात, किमतीत मात्र काही हजारांचा फरक असतो. तुम्ही पेपरवालं निवडलं, की पुढचं वाक्य बऱ्याचदा ठरलेलं असतं, "पैसे आज द्या, पेपर महिन्या-दोन महिन्यांत येतील."

पन्हाळ्यासारख्या ठिकाणी हा व्यवहार आणखी अडचणीचा होतो. गडावर किंवा पायथ्याच्या गावांत ज्यांचं घर, शेत, हॉटेल किंवा होमस्टे आहे, त्यांना राखणीला कुत्रं लागतं. पिल्लू व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून पसंत होतं, ब्रीडर दुसऱ्या जिल्ह्यातला असतो, आणि एकदा गाडी वाघबीळ चढून वर आली की त्याच्याशी संबंध उरतो तो फोनपुरता. त्यानंतर पेपर आले नाहीत, तर हातात काहीच राहत नाही.

म्हणून पैसे देण्याआधीच समजून घेऊया की हे पेपर कोण देतं, कशाच्या आधारावर देतं आणि त्यातून नेमकं काय सिद्ध होतं.

केनेल क्लब म्हणजे काय?

दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी ठाऊक असतात. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांची वंशावळ सांभाळणारे हे लोक. कोणाचा मुलगा कोण, कोणत्या घरात कोणती मुलगी दिली, हे सगळं त्यांच्या चोपडीत सापडतं. केनेल क्लबचं मूळ काम याच जातीचं आहे. फरक इतकाच, की इथे वंशावळ कुत्र्यांची असते.

जगातला पहिला केनेल क्लब १८७३ मध्ये लंडनला स्थापन झाला. पुढच्याच वर्षी त्याची पहिली वंशावळीची वही, म्हणजे स्टड बुक, प्रसिद्ध झाली. १९११ मध्ये युरोपातल्या काही देशांच्या क्लबांनी मिळून एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. तिचं मुख्यालय बेल्जियममध्ये आहे.

भारतात सर्वांत जास्त नाव घेतलं जातं ते केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे केसीआयचं. ही संस्था चेन्नईतून चालते. बाजारात 'पेपर' म्हणतात ते बहुतेक वेळा याच संस्थेचं सर्टिफिकेट असतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. केसीआय हे सरकारी खातं नाही. ती एक खासगी संस्था आहे. शिवाय ती एकटीही नाही. इंडियन नॅशनल केनेल क्लब नावाची वेगळी संस्थाही नोंदणी करते. एका संस्थेचे पेपर दुसऱ्या संस्थेत आपोआप चालत नाहीत. त्यामुळे "पेपर आहेत" असं कुणी म्हटलं, की पहिला प्रश्न हाच विचारायचा, "कोणाचे?"

नोंदणी पिल्लू जन्मण्याआधीच सुरू होते

बहुतेकांचा समज असा असतो, की गाडी घेतल्यावर आरटीओत जाऊन नोंदवतात तसं पिल्लू घेतल्यावर ते केनेल क्लबमध्ये नोंदवता येतं. खरं तर उलटं आहे. खरेदीदाराच्या हातात फारच थोडं असतं. मुख्य काम ब्रीडरचं, आणि तेही पिल्लू तुम्ही पाहण्याच्या कितीतरी आधीचं.

ढोबळमानाने हा क्रम असा असतो.

पहिलं, पिल्लाचे आई आणि वडील दोघंही त्याच जातीचे आणि क्लबच्या वहीत आधीच नोंदलेले असावे लागतात. दोघांपैकी एकाचीही नोंद नसेल, तर साखळी तिथेच तुटते. आई कितीही देखणी असली तरी उपयोग नाही.

दुसरं, नर आणि मादी वेगवेगळ्या मालकांचे असतील तर जोड लावल्याला नराच्या मालकाची लेखी संमती लागते. पुढे वाद होतात ते इथेच. नराच्या मालकाशी पैशांवरून बिनसलं आणि त्याने सही दिली नाही, तर संपूर्ण वेताची नोंद अडकते.

तिसरं, साधारण ६३ दिवसांनी मादी विते. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत ब्रीडरने संपूर्ण वेताची नोंदणी करायची असते. जन्मतारीख, नर किती, मादी किती, प्रत्येकाचा रंग, हे सगळं एकाच अर्जात येतं. एका पिल्लाची सुटी नोंद नव्हे, तर वेताची नोंद हा या व्यवस्थेचा पाया आहे.

चौथं, प्रत्येक पिल्लाला मायक्रोचिप बसवली जाते आणि तिचा क्रमांक नोंदीला जोडला जातो.

पाचवं, क्लब प्रत्येक पिल्लाला नोंदणी क्रमांक आणि सर्टिफिकेट देतो. ब्रीडरने आपल्या केनेलचं नाव क्लबकडे नोंदवलेलं असेल, तर ते पिल्लाच्या अधिकृत नावाला आडनावासारखं जोडलं जातं. म्हणूनच घरी ज्याला 'टायगर' म्हणतात, त्याचं कागदावरचं नाव चार शब्दांचं असू शकतं.

सहावं, पिल्लू विकल्यावर मालकी हस्तांतरण होतं. हा भाग तुमच्याशी संबंधित आहे. सर्टिफिकेटवर मालक म्हणून ब्रीडरचंच नाव राहिलं, तर क्लबच्या दृष्टीने कुत्रं अजून त्याचंच असतं. उद्या शोमध्ये न्यायचं असो की पुढच्या पिढीची नोंद करायची असो, अडचण येते. म्हणून हस्तांतरणाच्या अर्जावर विकणाऱ्याची सही पिल्लू घेतानाच घ्यायची.

या कामासाठी चेन्नईला जावं लागत नाही. अर्ज ऑनलाइन होतात. फी आणि मुदती वेळोवेळी बदलतात, त्यामुळे ब्रीडरने सांगितलेला आकडा क्लबच्या संकेतस्थळावर एकदा पडताळून पाहा. नोंदणीची फी आणि पेपरच्या नावाखाली वाढवलेली पिल्लाची किंमत यांत किती अंतर आहे, तेही मग कळेल.

'पेपर नंतर येतील' हे कधी खरं असतं?

प्रत्येक वेळी ही थाप नसते. वेताची नोंद, चिप, छाननी आणि सर्टिफिकेट या सगळ्याला वेळ लागतो. दोन महिन्यांचं पिल्लू विकताना छापील सर्टिफिकेट हातात नसणं शक्य आहे.

पण खऱ्या ब्रीडरकडे त्या दिवशीही दाखवायला बरंच काही असतं. आईचं आणि वडिलांचं सर्टिफिकेट असतं. वेताच्या नोंदणीचा अर्ज किंवा पोच असते. पिल्लाला चिप बसवली असेल तर तिचा क्रमांक असतो. यातलं एकही दाखवता आलं नाही आणि तरी "पेपर येतील" असं कुणी म्हणत असेल, तर ते पिल्लू बिनपेपरचं समजून, बिनपेपरच्या किमतीतच बोलणी करा.

मायक्रोचिप म्हणजे जीपीएस नव्हे

चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. पशुवैद्य ती सुईने पिल्लाच्या दोन खांद्यांच्या मधल्या भागात कातडीखाली सोडतात. इंजेक्शनपेक्षा फारसा वेगळा त्रास होत नाही.

चिपमध्ये बॅटरी नसते. ती कुठलाही सिग्नल आपणहून पाठवत नाही. त्यामुळे कुत्रं तटबंदीवरून उडी मारून रानात पळालं, तर चिपवरून ते कुठे आहे हे मोबाइलवर दिसणार नाही. स्कॅनर जवळ नेल्यावर फक्त एक १५ अंकी क्रमांक वाचता येतो. तेवढंच तिचं काम.

पण हे छोटं काम मोलाचं आहे. कागदावर फोटो कोणाचाही लावता येतो आणि एका पिल्लाचं सर्टिफिकेट दुसऱ्याबरोबर खपवता येतं. काळ्या लॅब्रॅडॉरची दोन पिल्लं शेजारी ठेवली तर घरच्यांनाही ओळखता येत नाहीत. कातडीखालचा क्रमांक मात्र बदलत नाही. सर्टिफिकेटवरचा क्रमांक आणि स्कॅनरवर दिसलेला क्रमांक जुळला, तरच तो कागद त्या पिल्लाचा. पन्हाळ्याहून कोल्हापूर वीसेक किलोमीटरवर आहे. स्कॅनर असलेल्या तिथल्या पशुवैद्याकडे ही तपासणी काही मिनिटांत होते.

सर्टिफिकेट कसं वाचायचं?

पिल्लाचं नाव, जात, लिंग, रंग, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, चिप क्रमांक, ब्रीडर आणि मालक या गोष्टी आधी पाहा. मग वंशावळीकडे वळा.

तीन पिढ्यांच्या वंशावळीत आई-वडील दोन, आजी-आजोबा चार आणि पणजी-पणजोबा आठ, अशी १४ नावं येतात. ही १४ नावं वेगवेगळी आहेत का, ते बघा. एकच नाव आईच्या आणि वडिलांच्या अशा दोन्ही बाजूंना दिसलं, तर पिल्लाचे आई-वडील एकमेकांचे नात्यातले आहेत. फार जवळच्या नात्यात पैदास झाली, की आनुवंशिक दोष पुढच्या पिढीत उतरण्याचा धोका वाढतो. आईचे वडील आणि वडिलांचे वडील एकच असतील, तर ब्रीडरला त्याचं कारण विचारायला हरकत नाही.

पेपर काय सांगत नाहीत?

गैरसमज सर्वांत जास्त आहेत ते इथे. सर्टिफिकेट सांगतं की या पिल्लाचे आई-वडील अमुक आहेत. ते एवढंच सांगतं. पिल्लू निरोगी आहे, शांत स्वभावाचं आहे किंवा राखणीला चांगलं निघेल, यातलं काहीही त्यात लिहिलेलं नसतं. हेळव्याच्या चोपडीत घराण्याची नावं मिळतात, माणसाची तब्येत कळत नाही. तसंच हे.

शिवाय वही चालते ती ब्रीडरने दिलेल्या माहितीवर. त्याने खोटं लिहिलं, तर वहीतही खोटंच उतरतं. वाद झालाच, तर पालकत्व डीएनए चाचणीने तपासता येतं.

लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये हिप डिस्प्लेझिया, म्हणजे खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष, बऱ्यापैकी आढळतो. पिल्लू लहान असताना तो सहज दिसत नाही. पुढे ते मागच्या पायांनी लंगडू लागतं. गडावरच्या चढ-उतारांत आणि पायऱ्यांवर असं कुत्रं सांभाळणं कठीण जातं. आई-वडिलांच्या खुब्याचे एक्स-रे काढले आहेत का, हे म्हणूनच वेगळं विचारायचं.

लसीकरणही वेगळं. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते. लसींचं कार्ड पशुवैद्याच्या सही-शिक्क्याचं असायला हवं. केनेल क्लबचे पेपर या कार्डाची जागा घेऊ शकत नाहीत.

मग कायद्याला काय लागतं?

केनेल क्लबची नोंदणी ऐच्छिक आहे. ती नसली तर कुत्रं पाळणं बेकायदा ठरत नाही. कायद्याची बंधनं वेगळी आहेत आणि ती मुख्यतः ब्रीडरवर आहेत.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालचे हे नियम आहेत. त्यांतले ग्राहकाने लक्षात ठेवावेत असे मुद्दे असे.

– विक्रीसाठी पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी.
– आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही.
– मायक्रोचिप आणि लसीकरणाशिवाय विक्री करता येत नाही.
– मादी १८ महिन्यांची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिची पैदास करता येत नाही.
– मादीचं वर्षात एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही आणि आयुष्यभरात पाचपेक्षा जास्त नाही.

दीड महिन्याच्या, चिप न बसवलेल्या पिल्लाची जाहिरात दिसली, तर त्याचे पेपर असोत वा नसोत, ती विक्री नियमात बसत नाही.

तिसरा कागद स्थानिक आहे. अनेक शहरांत पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा परवाना घ्यावा लागतो. गडावर राहत असाल तर पन्हाळा नगरपरिषदेत, पायथ्याच्या गावात असाल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. या परवान्याला वंशावळीशी देणंघेणं नसतं. रेबीजची लस झाली आहे का, हे महत्त्वाचं असतं. गावठी कुत्र्यालाही तोच नियम लागू होतो.

आपल्या शेजारचं उदाहरण, मुधोळ आणि कारवान

नोंदवही म्हणजे काय, हे परदेशी जातींपेक्षा आपल्याच भागातल्या एका जातीवरून जास्त स्पष्ट होतं.

उंच, सडपातळ, लांब तोंडाचा आणि वाऱ्यासारखा पळणारा कारवान पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात अनेकांनी पाहिलेला असतो. त्याचंच दुसरं नाव मुधोळ हाउंड. मुधोळ हे गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. इतिहासातून आपल्याला ते घोरपडे घराण्यामुळे ठाऊक असतं. याच घराण्यातले राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्यांची काळजीपूर्वक पैदास करवली आणि ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली, असं सांगतात.

२००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली. त्यांत मुधोळ होता. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये देशी जातींचा उल्लेख केला, तेव्हाही हे नाव आलं. मुधोळजवळ तिम्मापूर इथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथे या जातीची पैदास आणि अभ्यास चालतो.

आता नोंदीची गंमत बघा. केसीआयच्या वहीत या कुत्र्याची नोंद 'कॅरव्हान हाउंड' या नावाने होते. इंडियन नॅशनल केनेल क्लबमध्ये नाव आहे 'मुधोळ हाउंड'. कर्नालमध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था आहे. देशी गाई-म्हशींच्या जातींना मान्यता देणारी हीच संस्था. तिने मान्यता दिलेल्या पहिल्या श्वानजातींमध्ये राजापलायम आणि चिप्पिपराईबरोबर मुधोळ हाउंड आहे. पण ही नोंद जातीची असते, एकेका कुत्र्याची नव्हे. "आमची जात सरकारमान्य आहे" असं सांगून कुणी पिल्लू विकत असेल, तर त्याने त्या पिल्लाच्या आई-वडिलांबद्दल काहीच सांगितलेलं नसतं.

दुसरी अडचण आणखी खरी आहे. परदेशी जातींचे पूर्वज दीडशे वर्षांपासून वहीत आहेत. कारवान मात्र पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांच्या वाड्यांवर आणि शेतकऱ्यांच्या दारात वाढला. त्याची वंशावळ मालकाच्या तोंडी असते. "हिची आई अमक्याच्या वाड्यावरची, बाप तमक्या गावचा," अशी. ही माहिती खोटी असतेच असं नाही, फक्त ती कुठे लिहिलेली नसते. अशा जातींसाठी जाणकार परीक्षकांनी कुत्रं प्रत्यक्ष पाहायचं, जातीच्या ठरलेल्या मानकाशी ताडायचं आणि तिथून पहिली पिढी नोंदवायची, असा जगभरातला रिवाज आहे. तुमच्याकडे चांगला कारवान असेल आणि त्याचे पेपर नसतील, तर अशी तपासणी कधी आणि कुठे होणार आहे, हे क्लबला विचारा. डॉग शो हे त्यासाठी विचारपूस करण्याचं चांगलं ठिकाण आहे.

एक सूचनाही इथेच. कारवान पळण्यासाठीच घडलेला असला, तरी त्याला घेऊन सशाच्या मागे जाणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

मला पेपर खरंच लागतात का?

पुढे पैदास करायची असेल, केसीआयच्या शोमध्ये उतरायचं असेल किंवा विशिष्ट जातीचीच खात्री हवी असेल, तर हो. अशा वेळी पेपरशिवाय पिल्लू घेऊ नका. आई-वडील वहीत नसतील, तर नंतर कितीही पैसे खर्च केले तरी नेहमीच्या मार्गाने वंशावळीचं सर्टिफिकेट मिळत नाही.

घराला सोबत किंवा शेताला राखण एवढंच हवं असेल, तर पेपरसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. तेच पैसे लसी, नसबंदी आणि चांगल्या खाण्यावर खर्च करा. पन्हाळ्याच्या पावसात आणि दाट धुक्यात जाड केसांच्या परदेशी कुत्र्यांची कातडी आणि कान सतत ओले राहून त्रास होतो. गावठी कुत्र्याला ही हवा सवयीची असते आणि त्याची वंशावळ कुणी विचारत नाही.

पैसे देण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. पेपर कोणत्या संस्थेचे आहेत?
२. आई-वडिलांची सर्टिफिकेटं दाखवाल का? आई इथेच आहे का, तिला बघता येईल का?
३. वेताची नोंद झाली आहे का? अर्जाची प्रत किंवा पोच कुठे आहे?
४. चिप बसवली आहे का? माझ्यासमोर स्कॅन कराल का?
५. तुमचा राज्य प्राणी कल्याण मंडळाचा नोंदणी क्रमांक काय?
६. लसींचं कार्ड आणि पशुवैद्याचं प्रमाणपत्र आहे का?
७. मालकी हस्तांतरणाच्या अर्जावर आज सही कराल का?

उत्तरं मिळाली तरी दोन गोष्टी लेखी घ्या. पावतीवर जात, जन्मतारीख, चिप क्रमांक, किंमत आणि "नोंदणीचे पेपर अमुक तारखेपर्यंत देईन" हे वाक्य असू द्या. आणि शक्य असेल तर किमतीचा काही भाग पेपर हातात पडेपर्यंत राखून ठेवा. प्रामाणिक ब्रीडर याला सहसा नाही म्हणत नाही.

पेपर आलेच नाहीत, तर ही पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा. व्यवसाय म्हणून पिल्लं विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि पेपर आले, चिप जुळली, नाव तुमच्यावर झालं, तरी ते सर्टिफिकेट फाइलला लावून विसरू नका. पत्ता किंवा फोन नंबर बदलला की नोंदीतही बदल करून घ्या. कुत्रं हरवलं आणि कुणी ते पशुवैद्याकडे नेलं, तर स्कॅनरवर दिसणारे ते १५ अंक तुमच्यापर्यंत पोचतील ते त्या नोंदीवरूनच.